बारा तारखेच्या पाच फाइली

परवाना मिळाला तर छोटीच्या पदरात काय काय पडेल, ते वहिनीने जेवणाच्या टेबलावर बोटांवर मोजून दाखवलं. एक अख्खं वर्ष. समुद्राकाठच्या गावात एक खोली, आणि त्या खोलीला आतून कडी. काम तेच, पगार तोच, लॅपटॉपही तोच. फक्त दुपारी एकच्या ठोक्याला 'उचल गं तुझा पसारा, पानं घ्यायचीयेत' असं म्हणणारं कोणी नाही.

"आणि तोटा?" दादाने विचारलं.

"तोटा तुमचा. चष्मा कुठे ठेवलाय हे दोघींना विचारायचात, आता एकीलाच विचारावं लागेल."

छोटी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. लहानपणी पडलेलं नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. लांबच्या देशातले डॉक्टर रुग्णाला तपासून झालं की यंत्रात चार वाक्यं पुटपुटत; ती कानाला हेडफोन लावून ऐकायची, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवायचा, मागे न्यायचा, आणि टाइप करायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. तीन हजार मैलांवरच्या माणसांची पोटं, गुडघे आणि रक्तदाब तिला पाठ होते. स्वतः मात्र ती मावशीच्या गावापलीकडे कुठे गेली नव्हती.

परवान्याची बातमीही वहिनीनेच वाचली. लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी माणसांना समुद्राकाठचा एक देश वर्षभर राहू देत होता. अशा माणसाला डिजिटल नोमॅड म्हणतात हे कळल्यावर दादा दोन दिवस खूश होता.

"म्हणजे लॅपटॉपवाली भटकी! आमच्या घराण्यात पहिलीच."

"भटकायला निदान उंबरा तरी ओलांडते," वहिनी म्हणाली. "तुम्ही ऑफिस आणि घर याखेरीज कुठे भटकलात?"

दादा वीज कंपनीत मीटर तपासायला होता. गावातल्या कुठल्या घरात किती युनिट जळतात हे त्याला तोंडपाठ. स्वतःच्या घरात दुपारी काय चालतं, हे मात्र त्या हुशार माणसाला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

चालत होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी छोटीचं मनगट मोडलं. काम बुडेल म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा वहिनीने पदराला हात पुसले, हेडफोन उचलले आणि म्हणाली, "सरक." लग्नाआधीपासून वहिनी एका वकिलाकडे टायपिस्ट होती. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तिने ती नोकरी सोडली आणि पुढची आठ वर्षं त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. बोटं मात्र काही विसरली नव्हती. मनगट बरं झालं, प्लास्टर निघालं, पण दुपारी जेवणं आटोपली की वहिनी हेडफोनला हात घालायचीच.

"कानात माणसं बोलतात," ती म्हणायची, "आणि एकही जण चहा मागत नाही. अजून काय हवं?"

छोटी त्या वेळात पाठ टेकायची नाहीतर बाजारात जाऊन यायची. काम एका नावावर, पगार एका खात्यात, आणि खात्यातून घरात. कोणी किती टाइप केलं हे विचारणं म्हणजे भांडी कोणी किती घासली हे विचारण्यासारखं होतं. या घरात तसं कोणी विचारत नसे.

परवान्याची अट साधी होती: मागच्या सहा महिन्यांचं उत्पन्न एका ठरावीक आकड्याच्या वर हवं, आणि ते अर्जदाराच्या स्वतःच्या कामाचं हवं. छोटी आकडा जेमतेम ओलांडत होती. बारा तारखेला ती शहरात, त्या देशाच्या कचेरीत, फॉर्म द्यायला गेली. त्या दिवशीचं काम बुडालं तर महिन्याचा आकडा खाली येईल, या काळजीने वहिनीने सकाळी स्वयंपाकघर तसंच टाकलं आणि दहा ते एक एकटीने पाच फाइली उडवल्या. संध्याकाळी दोघी जणू लढाई मारल्यासारख्या हसल्या.

चार आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. काचेची खिडकी, खाली कागद सरकवायला फट, भिंतीशी एक धूळ बसलेलं रोप. खिडकीमागच्या बाई छोटीच्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कागद उलटत उलटत त्या कंपनीच्या नोंदीवर थांबल्या. कुठली फाइल किती वाजता उघडली, किती वाजता संपली, सगळं त्यात मिनिटासकट होतं. मुलाखतीला येताना तोवरची नोंद अर्जाला जोडावी लागे, म्हणून छोटीने जोडली होती. वाचली मात्र नव्हती.

"फॉर्म द्यायला आला होतात ती बारा तारीख ना?"

"हो."

"किती वेळ होतात?"

"दहाला टोकन घेतलं. सुटायला एक वाजला. गर्दी होती फार."

"होती खरी. मीच होते." बाईंनी पेनाचं टोक कागदावर ठेवलं. "मग दहा ते एक या पाच फाइली टाइप कोणी केल्या? रांगेत उभ्या राहून?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मागे वीस माणसं ताटकळत होती, आणि बाई काही वाईट नव्हत्या.

"कंपनी लांबची आहे. तिकडचं घड्याळ वेगळं असेल," त्या म्हणाल्या. "वेळेतला फरक, असं लिहू का मी?"

इतकंच होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. मान हलवली असती तरी चाललं असतं. समुद्र, खोली, कडी, सगळं त्या फटीतून हातभर अंतरावर आलं होतं.

"नाही," छोटी म्हणाली. "ते आमच्या वहिनीने केलंय."

"कोणी?"

"माझी वहिनी. भावाची बायको. ती दुपारी टाइप करते, सहा वर्षं झाली. त्या दिवशी सकाळीही केलं. माझ्यापेक्षा चांगलं करते."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय? मग हे उत्पन्न तुमच्या एकटीचं धरता येणार नाही. वहिनींचा वाटा वजा केला तर तुम्ही आकड्याच्या खाली जाता."

"हो."

"भरलेली फी परत मिळत नाही."

"हो."

"सहा महिने तुमचं एकटीचं काम दाखवा आणि परत या," असं म्हणून बाईंनी कागद फटीतून बाहेर सरकवले. मग आवाज खाली आणून विचारलं, "वहिनींना माहीत आहे, तुम्ही हे सांगणार होतात ते?"

"मलाच कुठे माहीत होतं?" छोटी म्हणाली.

घरी वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं मूर्ख! ती बाई बिचारी आयतं उत्तर हातात देत होती. घड्याळ म्हणायचं आणि सुटायचं! सहा वर्षं मी कोणाला दिसले नाही, आणि मला दाखवायला तुला नेमकी तीच खिडकी सापडली?"

दादा दारातच उभा होता, बूट हातात. "थांबा, थांबा. म्हणजे घरात दोघी कमावत्या आहेत?"

"सहा वर्षं," छोटी म्हणाली.

"आणि मला वाटायचं, तुम्ही दुपारी गप्पा मारता!"

"मारतो की," वहिनी म्हणाली. "एका गुडघ्यांच्या डॉक्टरशी."

दादा हसला आणि बूट घेऊन आत गेला. वहिनीने टेबलावरचं नसलेलं काहीतरी पुसायला घेतलं.

"वहिनी, हो म्हणणार होते मी," छोटी म्हणाली. "ओठांवर आलं होतं. मग वाटलं, बाबांचं तू आठ वर्षं केलंस, ते कुठे लिहिलेलं नाही. नोकरी सोडलीस, तेही नाही. तुझं एवढं एकच काम कुठेतरी वेळेसकट लिहिलेलं निघालं. ते मीच घड्याळाच्या नावावर टाकू?"

वहिनी पुसत राहिली. "गेली बघ खोली," ती म्हणाली.

"जाईना."

त्याच आठवड्यात छोटीने कंपनीच्या साहेबांना सगळं खरं लिहून कळवलं. परवाना गेलाच होता. आता नोकरीही जाईल म्हणून दादाने घरखर्चात कुठे हात आखडता येईल याची मनात जुळवाजुळव सुरू केली. साहेबांना छोटीने अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. उत्तर चार दिवसांनी आलं. एका नावावर दोघींनी काम करणं नियमाबाहेर आहे, म्हणून पंधरा दिवस काम बंद, पगार बंद. आणि खाली आणखी एक परिच्छेद: आमच्या तपासनिसाने दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे की या बाई सकाळी ठीक आणि दुपारी उत्कृष्ट काम करतात. त्या दुपारच्या बाईंना परीक्षेला बसवा.

वहिनीने ते पत्र तीनदा वाचून घेतलं. "उत्कृष्ट म्हणजे तेच ना, जे मला वाटतं?" तिने विचारलं, आणि मग दिवसभर छोटीला 'सकाळची बाई' म्हणून हाक मारली.

परीक्षेत वहिनीला छोटीपेक्षा दोन गुण जास्त पडले. चोपन्नाव्या वर्षी तिने बँकेत पहिल्यांदा एकटीच्या नावाचं खातं उघडलं. सही करताना जीभ दाताखाली धरली आणि अक्षर रेघेबाहेर जाऊ दिलं नाही. टेबलावर दुसरा लॅपटॉप आला. दादा ओट्याशी उभा राहून जेवायला शिकला आणि त्यात कंबर मोकळी होते असं शेजाऱ्यांना सांगू लागला.

छोटीचं गणित अवघड झालं होतं. एकटीने आकडा गाठायचा तर जास्त दराच्या फाइली हव्या होत्या. तिने हृदयाचा विभाग मागून घेतला. तिथला एक डॉक्टर तोंडात घास असल्यासारखा बोलायचा, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. पहिल्या महिन्यात ती कमी पडली, दुसऱ्यातही. छोटी आवाज इतका मोठा करायची की हेडफोनबाहेरूनही समोर बसलेल्या वहिनीला तो डॉक्टर सहज कळायचा, पण आता मदत करायची नव्हती. छोटी एकेका शब्दाला पेडल दहादा दाबायची आणि वहिनी स्वतःची फाइल थांबवून छताकडे बघत बसायची. एकदा तिला राहवलं नाही.

"सांगू?"

"नको."

"तोंड बघवत नाही तुझं."

"मग बघू नकोस."

तिसऱ्या महिन्यात तो डॉक्टर छोटीला कळू लागला. पुढचे सहा महिने तिने आकडा गाठला, सगळा एकटीने, आणि त्या सहा महिन्यांची नोंद मिनिटासकट वाचून मगच जोडली.

या वेळी खिडकीवर दोघी गेल्या. बाई त्याच होत्या. त्यांनी नोंद पाहिली, उत्पन्न पाहिलं, शिक्का शाईत बुडवला आणि उमटवला. "मंजूर. दोन महिन्यांत निघायला हवं हं. आता परवान्याची फी. कोण भरतंय? अर्जदार स्वतः की इतर?"

"स्वतः," छोटी म्हणाली.

"इतर," वहिनी म्हणाली आणि तिला कोपराने बाजूला केलं. नोटा तिने पाकिटात घालून आणल्या होत्या.

"नातं?"

"वहिनी."

बाईंनी मान वर केली. "व्यवसाय?"

वहिनीने पाकीट फटीतून आत सरकवलं. "टायपिस्ट," ती म्हणाली. मग जरा ताठ होऊन, "वैद्यकीय."

बाई दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करू लागल्या. वहिनी काचेतून ती बोटं बघत राहिली. तिला ते सोसवत नव्हतं, पण तिने धीर धरला. स्पेलिंग दुरुस्त करून घेतलं ते स्वतःच्या नावाचं, तेवढंच.

एकूण हिशेब असा झाला. पहिली फी बुडाली, ती छोटीची. पंधरा दिवसांचा पगार गेला, तो घराचा. बसच्या सगळ्या तिकिटांचे पैसे दादाने दिले, आणि ते त्याने दोनदा बोलून दाखवले. परवान्याची फी वहिनीने भरली. दुपारी जिच्या समोरची खुर्ची आता रिकामी पडणार होती, तिनेच. पूर्ण भरली आणि पावती मागून घेतली.