तेरावं टोपण

एलिफनं पातं घातलं तसा यंत्रावरचा शेवाळाचा थर फणसाच्या सालीसारखा सुटला आणि थेट त्याच्या बुटात पडला. आत मोज्यावर काहीतरी वळवळलं. त्यानं ते वळवळू दिलं.

दोन वर्षं समुद्रात उभा राहिलेला दोर वर आला की सडक्या कोबीत खेकडा मरून पडल्यासारखा वास सुटतो. तो एलिफच्या नाकात अडतीस वर्षं मुक्कामाला होता. बायको गेली, कुत्रा गेला, वास राहिला.

जहाज आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला, बर्फाच्या कडेला थांबलं होतं. काम नेहमीचंच. तळाशी वजन बांधून सोडलेला दोर वर ओढायचा, त्यावरची तेरा यंत्रं खरवडायची, त्यांनी टिपलेले आकडे काढून घ्यायचे आणि यंत्रं पुन्हा बुडवायची. आकडे शास्त्रज्ञांचे, घाण एलिफची. ऑक्टोबरात तो निवृत्त होणार होता.

मोहिमेचा प्रमुख स्टाइनार याला धीर नव्हता. हे पहिलंच, सगळ्यांत वरचं यंत्र साफ व्हायच्या आधीच त्यानं त्याला केबल जोडली होती. आकडे पाहून तो वेडाच झाला. पाण्यातला गढूळपणा जवळजवळ शून्य होता आणि दोन वर्षांत केसभरही हलला नव्हता. पृथ्वीवरचं सर्वांत स्वच्छ पाणी सापडलं, असं त्यानं किनाऱ्यावर कळवूनही टाकलं आणि सर्वांसाठी वाफल भाजायला सांगितले. संशोधक विद्यार्थिनी सिल्येचा अख्खा प्रबंध याच आकड्यांवर उभा राहायचा होता. ती नुसतीच हसत होती.

एलिफ यंत्राच्या डोळ्यापर्यंत, गढूळपणा मोजणाऱ्या काचेपर्यंत पोचला. शेवाळाखाली लाल चिकटपट्टी निघाली. विसर पडू नये म्हणून ती त्यानंच लावलेली. पट्टीखाली काळं रबरी टोपण होतं. डोळ्यावर, जागच्या जागी, घट्ट.

यंत्र पाण्यात सोडण्याआधी टोपणं काढून कॉफीच्या डब्यात टाकायची आणि तेरा मोजल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हा नियमही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी दोर सोडला त्या दिवशी त्यानं दोनदा मोजली होती. तेरा भरली होती.

कपाटातला डबा त्यानं काढून पाहिला. बारा काळी टोपणं आणि एक निळं. निळ्याच्या आट्यांत माशाची अंडी वाळून बसली होती. त्या सकाळी त्यानं डेकवरच पावावर माशाच्या अंड्यांच्या पेस्टची ट्यूब पिळून न्याहारी केली होती. ट्यूबचं निळं टोपण सापडेना म्हणून स्वयंपाक्याला आठवडाभर चोर म्हटलं होतं. स्वयंपाकी पुढच्या बंदरावर उतरून गेला तो गेलाच.

डबा परत ठेवून एलिफनं यंत्रावरचं टोपण उपटून काढलं.

रबरी टोपण कठड्यावरून टिचकीनं उडवायचं, एवढंच काम होतं; कुणाला कळलं नसतं. तेवढ्यात वाफलची बशी घेऊन सिल्ये आली. वाफलवर तपकिरी चीज होतं. खरवडीनं भरलेल्या बादलीकडे बघून तिनं नाक दाबलं.

"इतकी घाण असून पाणी इतकं स्वच्छ कसं रे, एलिफ?"

त्यानं टोपण तिच्या बशीत ठेवलं.

"हे काय?"

"तुझं स्वच्छ पाणी."

तिनं बशी तिरपी करून टोपण पाहिलं. चीज हळूहळू त्याला चिकटलं.

"म्हणजे ते यंत्र दोन वर्षं रबराकडे बघत होतं?"

"हो."

"रबर फार स्थिर असतं," ती म्हणाली. मग बशी खाली ठेवून कठड्याशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. परतली तेव्हा डोळे लाल होते. "स्टाइनारला मी सांगू?"

"नको. घाण माझी आहे."

स्टाइनारनं सगळं ऐकून घेतलं. आधी दार लावलं, मग हळू आवाजात म्हणाला की टोपण फक्त एलिफ आणि सिल्ये, दोघांनीच पाहिलंय. तेव्हा तिसऱ्यानं पाहायलाच हवं असं काही नाही. आणि एलिफसारख्या माणसानं अडतीस वर्षांचं नाव एका रबरापायी घालवू नये. त्याच्या मिशीला जॅम लागला होता. एलिफला एकाएकी शेवाळाचा वास बरा वाटला. तो डेकवर आला, नोंदवहीत टोपणाची हकिकत लिहिली, माशाच्या अंड्यांसकट, आणि खाली पूर्ण नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी दोर परत सोडायचा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. सिल्येही नाही. तिनं फक्त कॉफीचा डबा त्याच्यापुढे धरला. धुतलेला होता.

तो एकेक टोपण काढून टाकत गेला आणि मोठ्यानं मोजत गेला. तेराव्याला त्याचा हात थांबला. त्यानं ते उलटून पाहिलं, मग टाकलं. सिल्येनं डबा स्वतःकडे ओढला, त्यात बोट घालून पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि मान डोलावली.

दोर सुटला. दोर ताठ धरणारे नारिंगी गोळे एकामागून एक पाण्याखाली गेले. सगळे डेकवरून आत गेले, तरी एलिफ रिकामा हात पुढे धरून उभा होता. हाताला वास येत होता.