आठवं नाव

जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या वेबसाइटवर कोणाला राहू द्यायचं आणि कोणाला हाकलायचं हे ती ठरवत असे, म्हणून ऑफिसात तिला सगळे चौकीदारीण म्हणत. हाकललेला माणूस नाव बदलून परत आला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता असतो, नाहीतर उत्तर परत पाठवायचं कुठे. तो पत्ता बदलला तरी मागच्या भेटीत ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण सापडते, आणि ती पुसली तरी पडद्याचं माप, टायपिंगची लय, असं काही ना काही चुगली करतंच.

वडिलांना तिनंच हाकललं होतं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला तो माणूस नवशिक्यांवर असा काही खेकसायचा की तक्रारींचा ढीग पडला, आणि तिनं पत्ता तपासला तर तो तिच्याच घरचा निघाला. नियम म्हणजे नियम, म्हणून तिनं बटण दाबलं. बाबा नवं नाव घेऊन आले, तिनं पुन्हा पकडलं, आणि असं करता करता सात नावं झाली. प्रत्येक उत्तराची सुरुवात ते 'आधी प्लग काढा' अशीच करत, त्यामुळे पत्ता बघायचीही गरज पडत नसे. घरी दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त जेवायला बसताना बाबा विचारत, "काय साहेब, आज कुणाला हाकललंत?" आणि ती हसून विषय बदलायची.

सातव्या नावानंतर त्यांनी विचारणं सोडलं, आणि दोन महिन्यांनी ते गेले. दिवसभर एकट्या घरात बसलेल्या त्या माणसाला बोलायला तेवढी एकच जागा होती, हे तिला तेव्हा सुचलंच नव्हतं. आता ते काही केल्या मनातून जात नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आठवं नाव आलं. कुणा नवशिक्यानं बंद पडलेल्या रेडिओबद्दल विचारलं होतं, त्याला उत्तर होतं: 'आधी प्लग काढा. मग घाई न करता सांगा, आवाज कधीपासून येत नाही?'

पत्ता तिच्या घरचा होता. घराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावला. "ताई, हे तर तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक. हाकलू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे त्याला."

तिनं ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खेकसणं कुठेच नव्हतं, आणि त्यानंच तिला भडभडून आलं. मग तिनं सातही नावांवरची बंदी एकेक करून उठवली, कारणाच्या रकान्यात सातही वेळा 'चूक माझी' असं लिहिलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी निघाली. त्या आठव्या नावाला तिला चार शब्द लिहायचे होते, आणि ते बाबांच्याच खुर्चीत बसून लिहायचे होते.

कुलूप जसंच्या तसं होतं. बाबांचा कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर होता, त्याचा प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. ते गेले त्या दिवशी तिनंच ती तशी ठेवली होती. कॉम्प्युटरवर हात ठेवला तर तो कोमट लागला.

तिनं प्लग लावला, वेबसाइट उघडली आणि स्वतःचं नाव टाकलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक वाक्य आलं: 'आपल्याला ओळखलं आहे. कृपया पुन्हा येऊ नये.' नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते तिनंच लिहिलं होतं. बाबांनी ते इथे बसून सात वेळा वाचलं होतं. ती ते या बाजूनं आज पहिल्यांदाच वाचत होती.

खाली कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, 'काय साहेब, आज कुणाला हाकललंत?'