उणे ऐंशीतला डबा

रावेरकडच्या त्या कॉलेजात केळीच्या एकाच पानावर आजवर बरंच संशोधन झालं होतं. पान तेच, नाव तेवढं बदलायचं. दिल्लीत ज्या साली ‘नॅनो’ला पैसा होता त्या साली पान नॅनो झालं. मग ‘बायो’चा हंगाम आला, पान बायो झालं. ‘स्मार्ट’च्या साली तर ते इतकं स्मार्ट झालं की वावरात पिवळं पडूनही अर्जात हिरवंच राहिलं. शेवटी प्राचार्य हेमराज सरांनी त्याच्यापुढे ‘कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे पूर्वानुमान’ लावलं आणि प्रकल्प मंजूर झाला.

मंजूर झाला म्हणजे यंत्रं आली. विषाणू ओळखणारं, कोरोनात घराघरात नाव झालेलं पीसीआर यंत्र आलं. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आला. त्यांना उकडू नये म्हणून एसी आला आणि एसी आला म्हणून प्राचार्यांची खुर्चीही तिथेच आली. यंत्रात घालायची रसायनं मात्र दुसऱ्या हप्त्यात होती, आणि दुसरा हप्ता दिल्लीत होता. सरकारचा हात अलीकडे यंत्रांच्या बाबतीत सैल असतो, कारण यंत्राची फीत कापता येते. रसायनाची बाटली कोण कापणार?

संघपाल हा प्रकल्पाचा एकुलता एक संशोधन सहायक. यंत्रांवरची धूळ पुसणं हे त्याचं चालू संशोधन. फ्रीझर रिकामा ठेवला तर बिघडतो असं सरांना कुणीतरी सांगितलं, म्हणून सरांनी घरचा आमरस आणून आत ठेवला होता. डब्यांवर ‘एम-१’, ‘एम-२’ अशा चिठ्ठ्या संघपालनेच चिकटवल्या होत्या, अक्षर चांगलं म्हणून.

श्रावणात चुडामण नाना आले. संघपालच्याच गावचे, मोठी केळीबाग असलेले, त्याच्या वडिलांचे, आधार गुरुजींचे, जुने स्नेही. फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला.

“सायेब, पानं आनली. दोन-चार झाडं पिवळी दिसतात. हा तुमचा व्हायरस हाय का नही, तेवढं सांगा. गाठ आमच्या घरच्या सुनंदाबाईनं मारली हे, जपून सोडजो. तिची गाठ मलेबी सुटत नही.”

“आठ दिवसांत सांगतो, नाना.”

डबा एम-३ आणि एम-४ च्या मधे गेला. आठ दिवस गेले, मग आणखी आठ गेले. नानांचा फोन आला की संघपाल ‘प्रक्रिया सुरू आहे’ म्हणायचा. यंत्र आहे पण रसायन नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण यंत्रं आली तेव्हा गावच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माईक हातात घेऊन ‘आता रिपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही’ असं त्यानेच सांगितलं होतं, आणि वडिलांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. तिसऱ्या फोनला त्याच्या तोंडातून निघून गेलं, “निगेटिव्ह आहे, नाना.” प्रकल्पाच्या नावात पूर्वानुमान होतंच. हे त्याचं पहिलं आणि शेवटचं.

त्या शब्दावर नानांनी आपल्या बागेतले कंद बहिणीला, लिलाबाईंना, लागवडीला दिले. दिवाळीपर्यंत नानांची बाग पिवळी पडली. रोग मागून आला असेल, असं त्यांनी धरून चाललं. माघात लिलाबाईंच्या पानांवरही पट्टे उमटले, तेव्हा त्या भावाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, रोग तुझ्या कंदातच होता. नाना चारचौघांत म्हणाले, “माझ्या कंदाले सरकारी मशीनचा रिपोर्ट हाय. तुलेच शेती जमली नही.” तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद.

हे सगळं संघपालला जेवताना वडिलांकडून कळलं. “मशीन काही खोटं बोलत नाही म्हणा,” गुरुजी शेवटी म्हणाले. संघपालने भूक नसताना आणखी एक भाकरी घेतली, तोंड भरलेलं असावं म्हणून.

मार्चात दिल्लीची समिती आली. दुसरा हप्ता द्यावा की नाही हे ती ठरवणार होती. सरांना व्यासपीठावर एक लाभार्थी शेतकरी हवा होता, तो त्यांनी परस्पर बोलावला. ते नाना होते.

नाना वेळेच्या आधीच पोचले. “पयले डबा दे, सायेब. सुनंदाबाई रोज ईचारते.”

संघपालने फ्रीझर उघडला. पांढरा धूर बाहेर आला. डबा नानांनी उपरण्यात धरून घेतला. फडकं पत्र्यासारखं झालं होतं आणि वर गाठ होती, सुनंदाबाईंनी मारली होती तशीच. नानांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“नाना—”

“थंडीनंबी भाजते रे हात,” नाना म्हणाले, आणि हॉलकडे चालू लागले.

फ्रीझर पाहताना दिल्लीच्या साहेबांनी ‘एम’ म्हणजे काय ते विचारलं. सर म्हणाले, प्रादेशिक आंब्याचा वारसा. साहेबांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. जेवणात हा वारसा हातोडीने फोडून वाटीतून वाढण्यात आला.

त्याआधी नानांचं भाषण झालं. माईकसमोर ते उभे राहिले तेव्हा संघपालचे कान लाल झाले. आता सांगणार. सांगावंच, असंही त्याला वाटलं.

“मी ह्या पोराच्या शब्दावर चाललो,” नाना म्हणाले. “इतलंच सांगतो.”

टाळ्या झाल्या. शेतकऱ्याचा विज्ञानावरचा विश्वास पाहून साहेबांना भरून आलं आणि त्यांनी आणखी एका यंत्राची शिफारस जागेवरच केली. रसायनांचा विषय निघाला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत संघपालचेही हात होते. ते थांबवायचे कसे हे त्याला कळलं नाही.

बाहेर जीपपाशी त्याने नानांना गाठलं. “नाना, तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं होतं.”

“सगळ्यायसमोर मी माह्या बहिनीले बोललो. एका गावाले तेवढं पुरे.” नानांनी जीपचं दार उघडलं. “बस. लिलाबाईकडे जाऊ. मी नही सांगनार, तू सांगशीन. इथून पुढं नानाच म्हन मले. मीबी तुले सायेबच म्हनीन, पन आजवर कौतुकानं म्हने, तसं नही.”

डबा संघपालच्या मांडीवर होता. वाटेत त्यावरचा बर्फ वितळत गेला आणि पँट ओली झाली.

लिलाबाई अंगणात होत्या. भावाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं, पण मागे संघपाल दिसला आणि चेहरा उजळला. “गुरुजीचा संघपाल ना तू? शास्त्रज्ञ माणूस आला घरी.” त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली. “बस, सायेब. तूच सांग आता माह्या भावाले.”

संघपाल बसला नाही. त्याने डबा पुढे केला. फडक्यातून पाणी गळत होतं.

लिलाबाईंनी गाठ पाहिली. “ही तं वयनीची गाठ. सोडली नही अजून?”

“नाही,” संघपाल म्हणाला. “मी सोडलीच नाही, अक्का. आत काय आहे ते कुणी पाहिलंच नाही. रिपोर्ट मी तोंडानेच दिला.”

लिलाबाई पुसलेल्या खुर्चीवर स्वतःच बसल्या. डबा त्यांनी मांडीवर घेतला. नाना जीपपाशी उभे होते, मान खाली, इंजिन चालूच.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “जीप बंद कर. डिझेल जळून राह्यलं.”

नानांनी जीप बंद केली आणि अंगणात आले. संघपालला ‘बस’ असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.