सरळ बसलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनी, आखडलेली काळी लोकरी टोपी आहे. अकोल्याच्या टोपीवाल्याने मला शिवलं तेव्हा मी चांगली तेवीस इंचांची होते. अमरावतीच्या विहीर गल्लीतल्या गोवर्धनने मला घेतलं, कारण त्याच्या डोक्याला बसणारी दुकानात मी एकटीच होते.

गोवर्धन त्याच्या गल्लीतल्या पोरांच्या टोळीचा म्होरक्या. पलीकडच्या घाणी गल्लीचा म्होरक्या पुंजाराम. दोन्ही टोळ्यांचं बोलणं बंद होतं, पण खुणा सारख्याच होत्या. टोपी मागे सरकवली की सगळं ठीक. सरळ ठेवली की तह. उजव्या भुवईवर आली की आज मारामारी. मी नुसती कलले तरी दहा पोरं लाठ्या घेऊन धावत. त्या दिवसांत मला स्वतःचा मोठा अभिमान होता.

१९५८ च्या वैशाखात गोवर्धनची बहीण पंचफुला हिचं लग्न ठरलं. नवरदेव अंजनगाव सुर्जीचा. त्याच्या मंडळींचा जानोसा, त्यांची उतरायची जागा, घाणी गल्लीपलीकडच्या शाळेत होता, म्हणजे वरात त्या गल्लीतूनच यायची. आदल्या दिवशी दोन्ही म्होरके चौकात समोरासमोर उभे राहिले आणि एक शब्द न बोलता दोघांनी टोप्या सरळ केल्या. तह झाला.

त्या संध्याकाळी गोवर्धनच्या आईने, चतुराबाईने, लेकाची टोपी लग्नात स्वच्छ दिसावी म्हणून मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातलं. सकाळी मी आखडलेली. सरळ ठेवलं की मी टुणकन उडे. उजव्या भुवईवर दाबलं तरच टिके. दुसऱ्या कोणाची टोपी त्या डोक्याला बसेना, आणि नवरीच्या भावाने बोडक्या डोक्याने नवरदेवाला आणायला जाणं अशुभ. गोवर्धन तसाच निघाला.

घाणी गल्लीच्या तोंडाशी पुंजारामची पोरं लाठ्या घेऊन उभी राहिली. तिकडे शाळेत वाजंत्री सुरू झाली होती.

"काल टोपी सरळ अन् आज वाकडी? बहिणीच्या लग्नात भांडाले आला काय बे?" पुंजारामने विचारलं. तीन वर्षांत दोघांमधलं हे पहिलं बोलणं.

"मायनं सोड्यात उकळली," गोवर्धन म्हणाला. "सरळ बसूनच नाही राहिली. पाह्य तू बसवून."

पुंजारामने मला सरळ दाबलं. मी उडाले आणि त्याच्याच पायाशी पडले. एक पोरगा म्हणाला, डोकं हाय का माठ, आणि सगळी टोळी हसली. पुंजाराम मात्र हसला नाही. त्याने स्वतःची टोपी काढली आणि आतून वर्तमानपत्राची जाड घडी बाहेर ओढली. वडिलांची ती टोपी त्याला मोठी होते, हे त्याने आजवर आपल्या पोरांनाही कळू दिलं नव्हतं.

"घाल हे. मले तं कागद कोंबा लागते."

ती गोवर्धनला नीट बसली, अगदी सरळ. पुंजारामने मला उचललं, झटकलं आणि आपल्या डोक्यावर चढवलं. मग दोन्ही टोळ्या लाठ्या लेझमीसारख्या फिरवत नवरदेवापुढे नाचत निघाल्या. मांडवाच्या दारात चतुराबाई लेकाच्या डोक्याकडे बघतच राहिली.

मित्रांनो, लोकरीला उकळतं पाणी सोसत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि कोणाची टोपी वाकडी दिसली, तर लाठी उचलण्याआधी कारण विचारा. आता मी पुंजारामच्या खुंटीवर असते. दोन्ही गल्ल्यांत पुन्हा मारामारी झाली नाही. पुंजारामच्या डोक्यावर मी इतकी घट्ट बसायची, की वाकडी करायला जागाच उरली नव्हती.