पंचमीचा तवा

तालुक्याच्या कचेरीतून फोन आला तेव्हा काशम्माच म्हणाली होती, "पंचमीला या की, मॅडम. त्या दिवशी कुणी खुरपायला जात न्हाय. धाच्या धा बाया घावतील."

अक्कलकोटकडच्या त्या गावात दहा बायांचा गट कडक भाकरी करायचा. मॅडमनी काम डोळ्यांनी बघितलं की पत्र्याची शेड मिळणार, आणि दुसऱ्याच्या रानातलं खुरपं हातातून कायमचं सुटणार. काशम्माचा सगळा जीव त्या शेडीत अडकला होता.

प्रियदर्शनी मॅडम आल्या. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, मेंदीच्या हातांनी ओळीत बसलेल्या. चुली मात्र थंडगार.

"भाकरी कुठंय, मावशी?"

काशम्मानं चुलींकडं बघितलं. बाया घावतील एवढंच तिनं बघितलं होतं. पंचमीला चुलीवर तवा चढत नाही, हे जन्मभर पाळलेलं. असं पाळलेलंही वेगळं आठवावं लागतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"उद्या या की, बाई."

"आजच यादी बंद होतेय. चालू कामाचा फोटो लागतो. पाच मिनिटं तवा ठेवा."

लिंबाखाली पोरी फेर धरून गात होत्या,

नाग माझा भाऊ बाई, वारुळी त्याचं घर
चटका बसंल फण्याला, तवा नको चुलीवर

"ठिवू की," शिवलीला म्हणाली. "नागोबाकडं कुटं मोबाईल हाय?"

एकदोघी हसल्या. उठलं कुणीच नाही. काशम्माचा हात तव्यापर्यंत गेला आणि थबकला. समोर सिद्धेश्वरी होती. गेल्या श्रावणात वैरणीतलं जनावर डसून तिचा नवरा गेला होता.

तीच उठली. "सरक, अव्वा. माजं काय ऱ्हायलंय आता न्यायचं?"

तिनं चूल पेटवली, तवा ठेवला, पीठ मळून बिनमेंदीच्या हातांनी भाकर थापू लागली. तशा बाकीच्या बाया एकेक करून उठून चुलीपासनं लांब झाल्या. शिवलीलाही पदर सावरत म्हणाली, "माजी दोन लेकरं हायती गं..."

मॅडमनी मोबाईल खाली केला. "एका बाईचा गट कसा लिहू, मावशी?"

जीप गेली.

दुसऱ्या दिवशी नऊ बाया खुरपायला निघाल्या. सिद्धेश्वरीच्या दारापुढं कुणी हाक दिली नाही. काशम्माच्या ओठांवर आली होती. तिनं ती गिळली, आणि मान खाली घालून बायांच्या मागं चालत राहिली.