हत्तीच्या देवकाची माणसं

माझ्या नवऱ्याने, मोदिरींनी, चव्वेचाळीस वर्षांत एकदाही रानातला हत्ती पाहिला नव्हता. तरी हत्तीविषयी त्यांच्याइतकं ठासून बोलणारा दुसरा माणूस आमच्या कान्ये गावात सापडला नसता. त्यांच्या घराण्याचं देवक हत्ती. आमच्यात माणसाला देवकाच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे दुकानात, मयताला, रस्त्यात सगळे त्यांना 'त्लोऊ' म्हणजे हत्ती म्हणतात, आणि प्रत्येक हाकेसरशी त्यांची छाती बोटभर फुगते. शाळेत ते सेत्स्वाना ही आमची भाषा शिकवतात. देवकाची स्तुती त्यांना तोंडपाठ आहे, आणि ती ऐकल्याशिवाय आमच्या घरी वाढदिवसाचा केक कापला जात नाही.

माझ्या माहेरचं देवक मासा. देशभर वाळू आणि देवक मासा, यावरून वीस वर्षं माझी थट्टा चालली आहे. मीही काही कमी बोलत नाही.

ऑगस्टच्या सुट्टीत मोदिरींनी ठरवलं, पोरांना उत्तरेला ख्वाई नदीवर न्यायचं आणि आपल्या माणसांना भेटवायचं. आपली माणसं म्हणजे हत्ती! गाडीच्या टपावर तंबू, मागे पाण्याचे कॅन, डबाभर मागविन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि सुकं मांस घेऊन दोन दिवस आम्ही रस्त्यावर होतो. मागच्या सीटवर एकोणीस वर्षांची सेथुन्या आणि सोळा वर्षांचा कात्लो.

"पप्पा, हत्तीला ओळखपत्र दाखवायचं का?" कात्लोने विचारलं.

"हस, हस. त्याला वास पुरतो. आपल्या रक्ताच्या माणसाला हत्ती हात लावत नाही. समोर आला तर पळायचं नाही. उभं राहायचं आणि आपलं नाव सांगायचं."

"आणि आईने काय करायचं?" सेथुन्या म्हणाली.

"मासेवालीने गाडीत बसायचं."

सगळे हसले, मीही हसले. कात्लो थट्टा करत असला तरी बापाचं प्रत्येक वाक्य कानात साठवत होता, हे मात्र मला आरशात दिसत होतं.

तिथल्या तंबूंच्या तळाला कुंपण नाही. झाडांखाली मोकळ्या जागा आणि सगळ्यांत मिळून एक नळ, बस्स. दुसऱ्या दिवशी दुपारी सेथुन्या बादली घेऊन त्या नळावर गेली, आमच्यापासून साठेक पावलांवर. कात्लो लाकडं गोळा करत होता, मोदिरी टपावर तंबूचे पट्टे आवळत होते, मी कांदा चिरत होते. एवढा मोठा जीव येतो आणि काटकीही मोडत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मान वर केली तर गाडी आणि नळ यांच्या मधोमध हत्ती उभा होता. एकाच सुळ्याचा, म्हातारा, चिखलाने माखलेला. त्याचं तोंड माझ्या मुलीकडे होतं.

मी चाकूसकट उठून उभी राहिले.

आणि वरून, टपावरून, मोदिरींनी स्तुती सुरू केली. खणखणीत आवाजात, दोन्ही हात पसरून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. हत्तीने कान उभारले. शेपूट ताठ केली. सेथुन्या बादली धरून उभी होती, पिवळ्या टी-शर्टमध्ये, माझी पोर.

"पळ!" मी किंचाळले. "सेथुन्या, पळ!"

ती पळाली नाही. हत्ती धावला. जमीन हादरलेली मला चपलेतून कळली. मी चाकू घेऊनच निघाले होते. त्या चाकूने मी काय करणार होते, देव जाणे. धुळीत मला मुलगी दिसेना. तेव्हा मी तिला मेलेलीच धरली, हे आता लपवून काय उपयोग?

धूळ खाली बसली तेव्हा हत्ती तिच्यापासून दहा पावलांवर थांबला होता. त्याने डोकं हलवलं, सोंडेने माती उडवली, वळला आणि झाडीत निघून गेला. ती बादली धरून तशीच उभी होती.

तळाची राखण करणारे रा-बाइत्से आवाज ऐकून धावत आले. त्यांनी पावलांचे ठसे पाहिले आणि सेथुन्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी उभी राहिली म्हणून वाचली," ते म्हणाले. "त्याने नुसतं दरडावलं. पळाली असती तर तो थांबला नसता."

मी खाली मातीत बसले. माझ्याच मुलीला मी मरणाकडे पळ म्हणून ओरडले होते.

मोदिरी तर हवेत होते. "ओळखलं त्याने! पाहिलंस, कात्लो? आपलं रक्त ओळखलं!" संध्याकाळपर्यंत त्यांनी ही गोष्ट शेजारच्या दोन तंबूंना आणि फोन लागला तसतशी तीन भावांना सांगितली. दर वेळी सेथुन्या थोडी अधिक धीट होत गेली, मग तिने हत्तीला आपलं नावही सांगितलं, आणि शेवटी शेवटी तर ती हत्तीकडे पाहून हसलीसुद्धा.

ती मात्र नळावर आपली पँट धूत होती. मी जवळ गेले.

"मी थांबले नव्हते, आई," ती हळूच म्हणाली. "तू पळ म्हणालीस ते ऐकलं मी. पळायचंच होतं मला. पाय हललेच नाहीत." ओली पँट तिने माझ्यापासून लपवली, पण मला कळलं. "पप्पांना सांगू नकोस. किती खूश आहेत."

मी गप्प राहिले. मला वाटलं, माणसाच्या आनंदात कशाला विरजण घाला? त्याशिवाय माझ्या ओरडण्याचा विषय निघू नये, असंही वाटत होतं. खरं तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीकडे निघालो. वळणावर हत्तिणींचा कळप होता. सात-आठ मोठ्या, आणि त्यांच्या पायांत दोन पिल्लं. मोदिरींनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून पाहिलं.

"काय कात्लो? ताईने नाव सांगितलं. तू?"

"अहो, डोकं फिरलंय का?" मी म्हणाले. "पिल्लं आहेत सोबत!"

"मासेवाले, तू बस. हा आमच्या घरचा विषय आहे."

कात्लोने दार उघडलं. मी त्याचा शर्ट धरायला गेले, हातात काही आलं नाही. तो दहा पावलं गेला, पंधरा गेला. खांदे मागे, बापासारखी छाती पुढे. सगळ्यांत मोठी हत्तीण वळली आणि तिने कान पसरले. पिल्लं तिच्यामागे गेली. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडू? पळ म्हणू? थांब म्हणू? कालपासून माझ्या तोंडावरचा माझाच विश्वास उडाला होता.

सेथुन्याने काच खाली केली.

"कात्लो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्दन् शब्द ऐकू येत होता. "काल मी चड्डीत मुतले."

तो थांबला. वळला नाही.

"मी धीट नव्हते. मी नाव सांगितलं नाही. माझे पाय गोठले होते, एवढंच. त्याने मला ओळखलं नाही रे. मागे ये."

"खोटं बोलतेय," मोदिरी म्हणाले.

"आईला विचारा."

ते माझ्याकडे बघत राहिले. हत्तीण एक पाऊल पुढे आली.

"खरं आहे," मी म्हणाले. "कात्लो, तिकडेच बघत मागे ये, बाळा. पळू नकोस. हळू."

तो मागे येऊ लागला. एक एक पाऊल. मी मोजत होते, आणि मध्येच आकडे विसरत होते. हत्तिणीने दोनदा डोकं झटकलं. त्याची पाठ गाडीला लागली, तसं सेथुन्याने दार उघडून त्याला कॉलरला धरून आत ओढलं. सोळा वर्षांचा दांडगा मुलगा बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला.

मोदिरी समोर बघत होते.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी त्यांनी सेथुन्याला विचारलं.

"काल मी मरणार होते, पप्पा," सेथुन्या म्हणाली, "आणि तुम्ही त्याची स्तुती करत होता."

त्यांनी किल्ली फिरवली. क्लचवरचा पाय सुटून गाडी दोनदा बंद पडली. मी बाजूलाच बसले होते, पण त्यांच्या हातावर हात ठेवला नाही. मला त्यांची दया आली ती कान्येला पोचल्यावर, पुष्कळ दिवसांनी.