बद्द वाजलेला दगड

पांदेलिसने जाळं होडीत तसंच अर्धवट टाकलं आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग खाणीची वाट धरली.

म्हातारा काल लेकीबरोबर शिडाच्या बोटीतून उतरला होता. वारा पडेपर्यंत थांबणार, असं लेक म्हणाली. पण वाऱ्यासाठी थांबलेला माणूस बेटावरची दोन्ही मासेमारीची बंदरं पालथी घालून "आर्गिरीसचं घर कुठलं?" असं विचारत फिरतो होय? कोणीही सांगितलं नाही. आमची माणसं परक्याला समुद्र कुठे आहे तेसुद्धा सांगायची नाहीत.

"कंपनीचा माणूस आहे, लिहून घे," कॉफीवाला फोतिस म्हणाला होता. "खाण परत उघडणार. तुझ्या आईला गोड बोलून वरचं शेत काढून घेणार."

"येऊ दे की घरी! तंगडं मोडून हातात देतो."

कंपनीचं नाव काढलं की पांदेलिसचं डोकं फिरायचं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ आर्गिरीस या खाणीत दगडाखाली गेला, आणि तो पिऊन कामावर आला होता असं कंपनीने लिहून दिलं. पांदेलिस तेव्हा लांब जहाजावर होता. परत आला तर सगळं बंदर भावाला बेवडा म्हणत होतं. आर्गिरीस दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. पण हे आई सोडून कोण मानणार?

खाणीत म्हातारा एका अर्धवट कापलेल्या संगमरवरावर हातोडी ठोकत होता. ठोकायचा, थांबायचा, परत ठोकायचा. दगड असाच पारखतात. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत चीर.

"काय काका, भाव ठरवताय का?"

म्हातारा वळला नाही.

"ओ! तुम्हाला विचारतोय!"

पांदेलिसने खांद्याला धरून वळवला तेव्हा तो दचकला, आणि मग त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

"इथलाच ना तू? जरा ऐकून सांग." त्याने ठोकलं. "कसा वाजतो?"

"बद्द. शेंबडं पोरही सांगेल."

"मला ऐकू येत नाही." म्हाताऱ्याने हातोडी खाली ठेवली. "तेव्हाही येत नव्हतं. मी स्त्रातिस, तेव्हाचा इथला मुकादम. कंपनीने बाहेरून आणलेला, खाणीवरच राहायचो, खाली बंदरात कधी उतरलो नाही. कान गेले म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. म्हणून कोणाला बोललो नाही. त्या दिवशी असाच ठोकला, मान डोलावली आणि आर्गिरीसला म्हटलं, जा, चांगला आहे."

पांदेलिसने त्याची गळपट्टी धरली.

"आणि दारू?"

"ते साहेबांनी लिहिलं. खाली सही माझी."

समोर खाणीचा खोल खड्डा होता. याला आत्ता ढकलून द्यावा असं पांदेलिसला अगदी मनापासून वाटलं. मग त्याने गळपट्टी सोडली आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"कुठे नेतोयस?"

"घर विचारत होतास ना? मी त्याचा भाऊ."

आई दाराबाहेर भाजी निवडत बसली होती. समोरच धक्क्यावर बायका जाळी विणत होत्या, फोतिसकडे एक खुर्ची रिकामी नव्हती.

"बोल," पांदेलिस म्हणाला.

म्हातारा वाकून काहीतरी पुटपुटला. आईने कानामागे हात धरला.

"असं नाही. तिलाही कमी ऐकू येतं. ओरडून सांग."

म्हाताऱ्याने एकदा धक्क्याकडे बघितलं.

"तुमचा आर्गिरीस प्यायला नव्हता!"

"अजून मोठ्याने," पांदेलिस म्हणाला.